मेन प्रोटोटाइपला लांब नाव : आठ महिन्यांचा अनुभव

शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या आयबीएम आय सर्व्हरवरचा, आरपीजी भाषेतला इन्व्हॉइसचा बॅच आरएनक्यू०२११ (प्रोग्राम कॉल करताना चूक झाली) हा मेसेज टाकून थांबला. सी, जी, डी की एफ, यातलं एक उत्तर द्या म्हणे. म्हणून लिहायला बसलो, एरवी कोण लिहितंय.

आमच्याकडे मार्चमध्ये ठरलं की मेन प्रोसीजरच्या प्रोटोटाइपला (प्रोग्रामला कॉल कसा करायचा ते कंपायलरला सांगणारी घोषणा) प्रोग्रामचं नाव द्यायचं नाही, अर्थ कळेल असं लांब नाव द्यायचं, म्हणजे डीसीएल-पीआर क्रिएटइन्व्हॉइस, आणि एक्स्टपीजीएम या कीवर्डमध्ये प्रोग्रामचं खरं, दहा अक्षरांच्या मर्यादेतलं नाव, आयएनव्ही२१०आर. पहिले दोन महिने मी जाम खूश होतो, कॉलची ओळ वाचली की काम कळायचं. आयएनव्ही२१०आर वाचून काय डोंबल कळणार, ते नाव ठेवणारे साहेब कधीच रिटायर झाले.

पण एक्स्टपीजीएमच्या कोटमधलं नाव आरपीजी जसंच्या तसं घेतं. आमच्यातल्या एका शहाण्याने ते स्मॉलमध्ये टाइप केलं, कॉल करणारा प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल झाला, आणि त्या शनिवारी रनटाइमला त्या नावाचा प्रोग्रामच सापडेना. ओव्हरटाइम अर्थातच शून्य.

दुसरी कटकट त्याच रात्री कळली. सोर्समध्ये शब्द शोधणाऱ्या एफएनडीएसटीआरपीडीएम कमांडने आयएनव्ही२१०आर शोधलं तर फक्त कॉपी मेंबर (प्रोटोटाइप ठेवलेला सामाईक सोर्स) सापडला, कॉल करणारा एकही नाही, कारण सगळीकडे लांब नाव. शेवटी डीएसपीपीजीएमआरईएफ चालवलं, कुठला प्रोग्राम कशाकशाला कॉल करतो ते दाखवणारी कमांड, त्यात ऑब्जेक्टचं म्हणजे प्रोग्रामचं खरं नाव येतं म्हणून वाचलो.

मग मी उलटा फिरलो. फ्री फॉरमॅटमध्ये एक्स्टपीजीएम रिकामं सोडलं की कंपायलर प्रोटोटाइपचंच नाव कॅपिटल करून घेतो, म्हणजे प्रोग्रामचंच नाव द्या, कोट नाही आणि घोळ नाही. चार दिवस टिकलं! एका प्रोग्रामच्या नावाचीच फाइल होती आमच्याकडे, लायब्ररीत दोघं सुखाने नांदतात पण एका सोर्समध्ये ते नाव दोनदा चालत नाही, कंपाइल फेल.

आता परत लांब नावावर आलोय, फक्त प्रत्येक कॉलच्या वर कॉमेंटमध्ये खरं नाव लिहितो. व्हीएस कोडचं फुकटचं एक्स्टेन्शन टाकलंय, त्यात नावावरून थेट प्रोटोटाइपवर उडी मारता येते, पैसे देऊन एडिटर घ्यायची गरज मला तरी वाटली नाही.

आणि जो प्रोग्राम फक्त सीएलमधून (सिस्टमच्या कमांडच्या भाषेतून) कॉल होतो त्याला आयबीएम आय ७.१ पासून प्रोटोटाइप लागतच नाही, प्रोग्राममध्येच पॅरामीटर सांगणारं बिननावाचं डीसीएल-पीआय स्टार एन पुरतं. प्रोटोटाइप न लागण्याची सोय २०१० पासूनची आहे, आणि आमच्या रिव्ह्यूमध्ये अजून विचारतात, प्रोटोटाइप कुठंय?