किंडलवर स्वतःच्या मराठी फायली: पेपरव्हाइट काही महिने वापरल्यानंतर

किंडल पेपरव्हाइट, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. दहावी पिढी, 2018 सालचं मॉडेल. सहा इंची पडदा, 300 पीपीआय (इंचाला 300 ठिपके), चार्जिंगला जुनी मायक्रो-यूएसबी. गेल्या पावसाळ्यात वापरलेलं घेतलं आणि तेव्हापासून रोज हातात आहे. पडदा, उजेड, बॅटरी यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही आणि त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते स्वतःच्या फायली त्यावर चढवण्याबद्दल. मी मुद्रितशोधनाची कामं घेते, त्यामुळे दिवाळी अंकांचे लेख आणि छापायला जायच्या आधीची पुस्तकं सतत येत असतात. शिवाय विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरची जुनी पुस्तकं आणि ई साहित्य प्रतिष्ठानच्या मोफत पीडीएफ. दुकानातून विकत घेतलेलं वाचन त्या मानाने कमीच.

या यंत्रात फाईल जायला तीन वाटा आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. हे आधी समजून घेतलं तर बराच वैताग वाचतो.

पहिली वाट, यंत्रातलाच ब्राउझर. विकिस्रोतावर पुस्तक उघडून डाउनलोडमध्ये ईपब (ई-पुस्तकांच्या फायलींचा एक प्रकार) निवडलं की सरळ नकार येतो. हा ब्राउझर एझेडडब्ल्यू, पीआरसी, मोबी (हे किंडलला चालणारे ई-पुस्तकांचे प्रकार) आणि टीएक्सटी एवढ्याच फायली उतरवू देतो. दुसरी वाट 'सेंड टू किंडल', म्हणजे ईमेल किंवा ॲमेझॉनचं वेबपान. तिथे 2022 पासून ईपब चालतं, पण मोबी घेणं मात्र बंद झालंय. तिसरी वाट केबल. केबलने ईपब कॉपी केलं तर ते फोल्डरमध्ये पडून राहतं, लायब्ररीत दिसतच नाही. एझेडडब्ल्यू3 किंवा मोबी केलं तर लगेच दिसतं. म्हणजे एकाच इमारतीला तीन दारं आणि प्रत्येक दारावरचा वॉचमन वेगळं ओळखपत्र मागतो.

मला हे पटत नाही. ईपब हा खुला प्रकार आहे. ईमेलने पाठवलेलं ईपब ॲमेझॉनच्या सर्व्हरवर बदलून यंत्रात येतंच, त्यामुळे तांत्रिक अडचण आहे असं म्हणायला जागा नाही. हे धोरण आहे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राने माझीच फाईल माझ्याच हातून घ्यायला नकार देऊ नये, एवढं माझं साधं म्हणणं आहे. 26 फेब्रुवारी 2025 पासून ॲमेझॉनने विकत घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने चढवायची सोयही बंद केली. आपल्या खाजगी फायलींना त्याचा धक्का लागलेला नाही, पण कल कुठे आहे ते दिसतं. (विकत घेतलेल्या पुस्तकांची कुलपं तोडण्याबद्दल मी इथे लिहीत नाहीये. हा लेख आपल्या स्वतःच्या आणि मोफत, कायदेशीर फायलींपुरता आहे.)

यातून सोडवतं ते कॅलिबर, ई-पुस्तकं सांभाळायचं आणि एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये हे लिहायला घेतलं, कारण सोनीच्या पीआरएस-500 या ई-रीडरसाठी लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअरच नव्हतं. तेव्हापासून ते मोफत आहे आणि आजही त्याच कामाचं आहे. ईपब आत घ्यायचं, तपशिलात भाषा 'मराठी' करायची, एझेडडब्ल्यू3 मध्ये बदलायचं, केबल लावून 'सेंड टू डिव्हाइस' दाबायचं. मी बदलतानाच त्यात एक टाइप (फॉन्ट) गुंफते: मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त', तोही मोफत आहे. मग किंडलवर टाइपांच्या यादीत 'पब्लिशर फॉन्ट' निवडायचा. अक्षर भरदार दिसतं आणि रात्री डोळे शिणत नाहीत. केबल मात्र डेटा जाणारी हवी. घरातल्या बऱ्याच मायक्रो-यूएसबी केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्या लावल्या की संगणकाला यंत्र दिसतच नाही आणि आपण उगाच यंत्राला दोष देतो.

केबल नको असेल तर कॅलिबरमध्ये कंटेंट सर्व्हर (संगणकावरची पुस्तकं वायफायवरून देणारी सोय) सुरू करायचा, किंडलच्या ब्राउझरात संगणकाचा आयपी पत्ता, पुढे 8080 आणि शेवटी 'मोबाइल' हा शब्द रोमनमध्ये टाकायचा. घरच्याच वायफायवरून पुस्तकांची यादी समोर येते. मोबी करून ठेवलेलं असेल तर ब्राउझर ते निमूटपणे उतरवतो. गावी गेले की मी हेच करते.

'सेंड टू किंडल' मी प्रुफांसाठी राखून ठेवलंय. युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठराविक संकेत असलेली, वर्डची फाईल ईमेलने पाठवली की काही मिनिटांत यंत्रावर येते. त्याआधी खात्याच्या सेटिंगमध्ये आपला ईमेल पत्ता मंजूर यादीत घालावा लागतो. मर्यादा ईमेलला 50 एमबी आणि वेबपानाला 200 एमबी. लेखकाने विश्वासाने दिलेलं अप्रकाशित हस्तलिखित मात्र मी या वाटेने पाठवत नाही; ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन राहतं. तिथे केबलच.

प्रुफं वाचायला ई-इंक (किंडलचा कागदासारखा पडदा) इतकी चांगली असेल असं वाटलं नव्हतं. खटकलेला शब्द बोटाने रंगवायचा आणि पुढे जायचं. शेवटी केबल लावली की 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये 'माय क्लिपिंग्ज' नावाची एक साधी टीएक्सटी फाईल असते. रंगवलेला प्रत्येक शब्द, त्याची जागा आणि वेळ, सगळं त्यात ओळीने आलेलं असतं. ती फाईल शेजारी उघडून मूळ लेखात दुरुस्त्या करते. संगणकाच्या पडद्यावर निसटणारी ऱ्हस्व-दीर्घाची चूक इथे सापडते.

काही ईपब ईमेलने पाठवल्यावर मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. बहुतेक वेळा फाईलच्या आत यूटीएफ-8 ची, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे याची, नोंद नसते, म्हणून ॲमेझॉनचा सर्व्हर ती जुन्या रोमन संकेतातली समजतो. कॅलिबरमध्ये तेच ईपब पुन्हा ईपबमध्येच बदलून पाठवलं की काम होतं.

इथपर्यंतचे अडथळे यंत्राचे होते आणि ते ओलांडता आले. खरा अडथळा आपल्याच पीडीएफमध्ये आहे.

मराठीतल्या कितीतरी पीडीएफ श्रीलिपीसारख्या जुन्या टाइपांत जुळवलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. टाइप त्यांना फक्त देवनागरीचा वेष देतो. कॅलिबरने अशी फाईल बदलली की वेष उतरतो आणि पानभर कंस, टक्के आणि अर्थहीन रोमन अक्षरं उरतात. पीडीएफ तशीच ठेवली तर ए-फोरचं पान सहा इंचांत मावायला मुंगीएवढं होतं. एका प्रकाशकांकडून तपासायला आलेलं पुस्तक असंच होतं, आणि मूळ फाईल युनिकोडमध्ये नाहीच असं उत्तर मिळालं.

इथे के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत साधन कामी येतं. ते मजकूर वाचतच नाही. पानाचं चित्र करतं, त्यातल्या ओळी आणि शब्द कापतं आणि लहान पडद्याच्या मापाने पुन्हा रचतं. देवनागरीला ते छान मानवतं, कारण शिरोरेषेने शब्द अखंड बांधलेला असतो आणि कात्री बरोबर दोन शब्दांमधल्या फटीत पडते. ओळी फार दाट असल्या तर मात्र वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात आणि दोन ओळी एकच समजल्या जातात. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा वाक्याच्या मधोमध येऊन बसतो, म्हणून वरचा-खालचा समास आधी कापून घ्यायचा. एवढं केलं की पुस्तक आरामात वाचता येतं. पण अखेर ती चित्रंच: शब्द रंगवता येत नाही, शोधता येत नाही, अक्षर मोठं करता येत नाही. माझ्या कामाला ते अपुरं पडतं. टेसरॅक्टसारखं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, मराठी ओळखतं, पण घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल दुरुस्त करत बसण्यापेक्षा कधीकधी नव्याने टंकलेखन परवडतं.

याउलट विकिस्रोत. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. अशी पुस्तकं स्वयंसेवक एकेक पान तपासून युनिकोडमध्ये आणतात, आणि ती या तिन्ही वाटांनी, योग्य प्रकारात बदलली की, विनातक्रार किंडलवर जातात. त्या माणसांचे उपकार मला रोज वाचताना जाणवतात.

नवीन यंत्र घेणाऱ्यांसाठी एक सूचना: 2024 पासूनची किंडल केबल लावल्यावर पेन ड्राइव्हसारखी उघडत नाहीत, एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने जोडली जातात. विंडोजवर अडत नाही, मॅकवर वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आणि मराठीत मोफत पीडीएफ देणाऱ्या सर्वांना, प्रकाशकांनाही, कळकळीची विनंती: पीडीएफच्या शेजारी युनिकोडमधलं ईपबही द्या. ते जमत नसेल तर निदान युनिकोडमधली वर्डची फाईल द्या, बाकीचं कॅलिबरमध्ये आम्ही करून घेऊ.