सोळा, चोवीस की बावन्न : डेस्कटॉप प्रोसेसर आज घ्यावा की थांबावे?

पुढच्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल सध्या दोन आकड्यांची चर्चा आहे: एएमडीच्या झेन ६ मालिकेत २४ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि इंटेलच्या नोव्हा लेकमध्ये तब्बल ५२. दोन्ही आकडे फुटलेल्या माहितीतून आलेले असल्याने, त्यांच्या भरवशावर खरेदी लांबवण्याआधी आज बाजारात काय मिळते, हे पाहिलेले बरे.

एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्समध्ये १६ कोर आहेत. ते सर्व एकाच जातीचे असून प्रत्येक कोर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालवतो. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केमध्ये कागदावर २४ कोर दिसतात, पण त्यांपैकी वेगवान ८ आणि कमी वीज खाणारे लहान १६. शिवाय हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोरावर दोन थ्रेड चालवण्याची सोय, काढून टाकल्यामुळे थ्रेडही २४च उरतात, म्हणजे एएमडीच्या ३२ पेक्षा कमी. नोव्हा लेकचे ५२ही असेच मिश्र असणार, अशी बोलवा आहे: १६ मोठे, ३२ लहान आणि ४ अगदीच कमी विजेवर चालणारे. त्यामुळे २४ विरुद्ध ५२ ही तुलना मुळातच फसवी आहे.

त्यात गणितही आडवे येते. एखाद्या कामाचा १० टक्के भाग एकाच कोरावर करावा लागत असेल, तर अ‍ॅमडालच्या नियमानुसार ते काम १६ समान कोरांवर ६.४ पट, २४ वर सुमारे ७.३ पट आणि ५२ वर जेमतेम ८.५ पट वेगाने होते. कोर कितीही वाढवले तरी १० पटींच्या पलीकडे जाता येत नाही. प्रोसेसरवरच्या थ्रीडी रेंडरिंगमध्ये हा अडेल भाग फार थोडा असतो, म्हणून तिथे जादा कोरांचे पैसे वसूल होतात. मोठ्या सॉफ्टवेअरच्या कंपायलेशनलाही (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवण्याला) फायदा होतो, पण तयार तुकडे जोडण्याच्या शेवटच्या टप्प्यापाशी, म्हणजे लिंकिंगपाशी, बरेच कोर हात बांधून बसतात. टॅली, ब्राउझर यांना तर फरक जाणवणारही नाही. गेमचा हिशेब आणखी वेगळा: ८ कोरांचा रायझन ७ ९८००एक्स३डी, केवळ ९६ एमबी एल३ कॅशच्या (प्रोसेसरमधल्याच अतिवेगवान स्मृतीच्या) जोरावर, अनेक गेममध्ये दुप्पट कोरांच्या ९९५०एक्सला मागे टाकतो.

माझ्या मते खरा निर्णय मदरबोर्डाचा आहे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट बदलले की बोर्डही बदलावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या नोव्हा लेकसाठी मात्र सॉकेटच बदलणार, असे दिसते. म्हणून रोज रेंडरिंग करणाऱ्याचे सध्याचे यंत्र काम भागवत असेल, तर त्याने खुशाल थांबावे. बाकीच्यांनी आज एएम५ बोर्डावर ८ कोरांचा प्रोसेसर बसवावा आणि बोर्ड निवडताना मागे बायॉस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचे बटण आहे ना, एवढे पाहून घ्यावे, म्हणजे पुढे त्या बोर्डाला चालणारा नवा प्रोसेसर आला तर जुना न लावताही बायॉस अद्ययावत करता येईल.