टपालाने आलेले गिटारचे धडे : पूर्ण संच घ्यावा की सुटे अंक?

सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन गिटारची लाट उसळली आणि टपालाने वाद्य शिकवणाऱ्या संस्थांना मोठी मागणी आली, न्यूयॉर्कची यू. एस. स्कूल ऑफ म्युझिक तर १८९८ पासूनच या व्यवसायात होती. हे जुने धडे जमवू पाहणारा माझा एक मित्र पूर्ण संच आणि सुटे अंक यांत अडला आहे.

सुटे अंक स्वस्त पडतात. मात्र प्रत्येक खरेदीला टपालखर्च लागतो आणि शेवटचे धडे सहसा हाती लागत नाहीत, कारण मध्येच शिकणे सोडलेल्यांच्या घरी ते पोहोचलेच नव्हते.

टिकाऊपणात कागद दोन्हीकडे सारखाच आहे. लाकडाच्या लगद्याचा हा आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि पिनांचा गंज त्यात उतरतो. तरीही मूळ खोक्यात, उजेडापासून दूर राहिलेला संच अधिक शाबूत असतो. शिवाय शिक्के असलेली पाकिटे, तपासून परत आलेल्या उत्तरपत्रिका आणि विद्यार्थ्याच्या पेन्सिलीच्या खुणा एकत्र मिळतात. माझ्या मते खरे मोल त्यांचेच आहे.

अध्यापनाचा इतिहास अभ्यासायचा असेल, तर थांबून पूर्ण संचच घ्यावा. मुखपृष्ठ चौकटीत लावायचे किंवा एखादी धून वाजवून पाहायची असेल, तर सुटा अंक पुरेसा आहे.