घाटउतारावर ऑटोमॅटिक ट्रेलर आणि इंजिन ब्रेक : पावसाळा धरून काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी व्होल्वो एफएम ४२०, ४×२ ट्रॅक्टर. १३ लिटरचं इंजिन, १२ गिअरचा आय-शिफ्ट (व्होल्वोचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि व्हीईबी म्हणजे व्होल्वोचा इंजिन ब्रेक. मागे कंटेनरचा ट्रेलर, भरल्यावर एकूण वजन ५५ टनांपर्यंत. फेऱ्या न्हावाशेवा, पुणे, सातारा आणि अधूनमधून नाशिक, म्हणजे बोरघाट, खंबाटकी आणि कसारा तिन्ही आले. आधी निष्कर्ष सांगतो: इंजिन ब्रेक दमदार आहे, पण सगळं गिअरबॉक्सवर सोपवलं तर त्याची अर्धीच ताकद हाती लागते. पुढे उतार आहे हे गिअरबॉक्सला दिसत नाही. गिअर चालकानेच ठरवायचा, आणि तोही उतार लागायच्या आधी.

ज्यांनी फक्त साधा एक्झॉस्ट ब्रेक वापरला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात फरक. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये सायलेन्सरच्या वाटेवरची झडप बंद होते आणि इंजिन कोंडलेल्या धुराविरुद्ध फिरतं. व्हीईबीमध्ये ते आहेच, शिवाय पिस्टन हवा दाबून वर आला की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडतो. दाबलेली हवा निघून जाते, पिस्टनला परत खाली ढकलत नाही. हवा दाबायला लागलेली सगळी ताकद चाकांकडून वसूल होते.

ही ताकद आरपीएमवर अवलंबून असते, आणि सगळी मेख इथेच आहे. १३ लिटरच्या इंजिनावर व्हीईबी+ चा कंपनीचा आकडा २३०० आरपीएमला ३७५ किलोवॅट आहे. १५०० ला तो साधारण निम्म्यावर येतो. आता उताराचा हिशोब बघा. ५५ टन वजन, शंभर मीटरला पाच मीटर उतार, वेग ताशी ४० किमी: गाडीला धरून ठेवायला सुमारे ३०० किलोवॅट लागतात. टायर आणि हवेचा विरोध वजा केला तरी २६० च्या आसपास उरतात. तोच उतार ताशी ३० ने उतरलात तर दोनशेच्या आत भागतं. म्हणजे १५०० आरपीएमवर रेंगाळणारं इंजिन ४० च्या वेगाला ही गाडी धरूच शकत नाही. उरलेलं सगळं चाकांच्या ब्रेकवर, म्हणजे लाइनर आणि ड्रमवर जातं.

गिअरच्या भाषेत सांगायचं तर, मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.०८ आणि टायर २९५/८० आर २२.५ असतील तर ताशी ४० ला आठव्या गिअरमध्ये इंजिन १७५० च्या आत राहतं, सातव्यात २२०० च्या थोडं वर जातं. घाट सातव्याचा आहे. आपोआप सोडलं तर बॉक्स बरेचदा आठवा किंवा नववा धरून बसतो. जड ट्रेलर ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरवावा, हा जुना नियम इथे पुरत नाही. ही इंजिनं इतकी ताकदवान आहेत की चढ वरच्या गिअरमध्येच सहज काढतात. उतरताना त्याहून खालचा गिअर लागतो.

स्टिअरिंगखालच्या इंजिन ब्रेकच्या दांड्यावर ० (बंद), ए, १, २, ३ (वाढता जोर) आणि बी अशा जागा आहेत. ए वर असताना ब्रेक पॅडल दाबलं की इंजिन ब्रेक आपोआप साथ देतो. हायवेला आणि शहरात हे झकास. घाटात मात्र ए वर भिस्त ठेवली की पाय सतत पॅडलवर राहतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. शिवाय ० किंवा ए वर, ऑटो मोडमध्ये, हलक्या उताराला आय-रोल (आपोआप न्यूट्रल करणारी सोय) गाडी मोकळी सोडतो. डिझेलसाठी चांगलं आहे, पण घाटाच्या तोंडावर नको. दांडा १ वर घेतला की आय-रोल बंद होतो.

आमच्या गाड्यांवर आता ठरलेली पद्धत अशी. उतार सुरू व्हायच्या तीन-चारशे मीटर आधी वेग ३५ पर्यंत आणायचा, एम (मॅन्युअल) मोडमध्ये सातवा घ्यायचा, दांडा २ वर ठेवायचा, आणि गाडी पुढे ओढायला लागली की ३. आरपीएम मीटरवरच्या निळ्या पट्ट्यात, १९०० ते २२०० दरम्यान राहिला पाहिजे. इंजिन ओरडतं म्हणून नवे चालक घाबरतात आणि वरचा गिअर टाकतात. घाबरायचं कारण नाही. त्या आरपीएमला ऑइल पंप आणि वॉटर पंपही जोरात फिरतात आणि डिझेल जळतच नसतं, म्हणून इंजिन तापत नाही. काटा २३०० पार जायला लागला तर पॅडल एकदा ठामपणे तीनेक सेकंद दाबून वेग आठ-दहाने उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय ठेवून घासत राहणं सर्वांत वाईट.

उतारावर मध्येच गिअर बदलायची वेळ येऊ देऊ नका. बदलताना ओढ क्षणभर तुटते, इंजिन ब्रेक सुटतो, आणि ५५ टन तेवढ्यात वेग घेतात. वेग वाढल्यावर खालचा गिअर मागितला तर बॉक्स देत नाही, कारण इंजिन मर्यादेबाहेर जाईल. बी ची जागा याच कामाची आहे, ती आपणहून गिअर उतरवून आरपीएम वर आणते, पण तीसुद्धा वेळेत वापरली तरच.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. इंजिन ऑइल थंड असेल तर व्हीईबी चालूच होत नाही. रात्री लोणावळ्याजवळ मुक्काम करून पहाटे इंजिन चालू केलं की काही मिनिटांत उतार येतो. दांडा ३ वर, आणि गाडी मोकळी! ऑइल गरम होईपर्यंत निघायचं नाही, आणि सपाटीवर एकदा दांडा ओढून ओढ जाणवते का ते पाहायचं.

पावसात वेगळा विचार. इंजिन ब्रेक फक्त मागच्या चालत्या एक्सलवर काम करतो. ट्रेलर रिकामा आणि रस्ता ओला असेल तर ३ वर चाकं घसरतात आणि ट्रेलर ढकलायला लागतो. एबीएस घसरण ओळखून इंजिन ब्रेक सोडतो, म्हणजे नको त्या क्षणी ओढ जाते. रिकाम्या गाडीला ओल्यात १ पुरे, वेगच कमी ठेवायचा. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरच्या एस वळणावर तर वळणात शिरण्याआधीच सगळं उरकायचं.

न्यूट्रलबद्दल कळकळीने लिहितो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अजूनही गाड्या न्यूट्रलमध्ये सोडल्या जातात, डिझेल वाचतं या समजुतीने. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये ते आयडलिंगसाठी घेतं. म्हणजे अशा मोठ्या उतारावर न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं आणि इंजिन ब्रेकही गमावतो.

फायदा लाइनरवर स्पष्ट दिसतो, झीज खूपच कमी झाली. त्याची दुसरी बाजू अशी की ब्रेक फार कमी वापरले की लाइनरवर काचेसारखी चकाकी येते आणि ऐन वेळी पकड कमी मिळते. म्हणून रोज सपाटीवर दोन-तीन ठाम ब्रेक मारावेत. ट्रेलरचे स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई जुळवणारे भाग) वेगळे तपासावेत. मागच्या एक्सलचे टायर मात्र आधीपेक्षा लवकर झिजतात, तेवढं धरून चाला.

देखभालीत टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, चुकवू नका. एक्झॉस्ट कॅमवर ब्रेकसाठी वेगळे छोटे उंचवटे असतात. एरवी ते टॅपेटच्या फटीत लपलेले राहतात. ब्रेक लावला की ऑइलच्या दाबाने रॉकरमधला छोटा पिस्टन ती फट भरतो आणि उंचवटे काम करू लागतात. फट चुकली किंवा ऑइल जुनं, पातळ झालं की ओढ हळूहळू कमी होते, आणि रोजच्या चालवण्यात ते लक्षातही येत नाही. ओढ अचानक कमी झाली तर आधी एक्झॉस्ट झडपेची हवेची नळी गळते का आणि झडप काजळीने अडकली का ते पाहा. टॅपेटचं झाकण त्यानंतर उघडा.