मगिंदनाव की मारानाव? कुलिंतांगचा वर्ग निवडण्याआधी

अमेरिकेत फिलिपिनो मित्रांच्या एखाद्या कार्यक्रमात कुलिंतांग (मध्ये टेंगूळ असलेल्या, ओळीत मांडलेल्या गाँगांचं वाद्य) ऐकलं, आठ गाँगांच्या ओळीवर हात चालवून पाहिला आणि आता नीट शिकावं असं वाटतंय, अशा टप्प्यावरच्या लोकांसाठी हे लिहितो आहे. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, दोन्ही हातांत मऊ लाकडाच्या काठ्या आणि ठोका मधल्या टेंगळावर, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. प्रश्न असतो मगिंदनाव पद्धत धरायची की मारानाव. दोन्ही दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावरच्या, दोन्ही मुस्लिम मोरो समाजांच्या आणि लांबून ऐकणाऱ्याला जवळजवळ सारख्याच. मी मगिंदनाव धरली. पण ती सगळ्यांनाच सोयीची पडेल असं नाही.

या दोन्ही धारा अमेरिकेत एकाच दारातून आल्या. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये रॉबर्ट गार्फियास यांनी लोकसंगीत-अभ्यासाचा विभाग उभा केला होता. तिथे 1968 मध्ये उसोपाय कादार आले, ते मारानाव. 1976 मध्ये दानोंगान कालांदुयान आले, ते मगिंदनाव, दातू पियांगचे. पुढे कालांदुयान सान फ्रान्सिस्कोकडे सरकले. तिथे 1985 मध्ये ‘कुलिंतांग आर्ट्स’ ही संस्था सुरू झाली होती. नंतर त्यांनी स्वतःचा ‘पालाबुनियान’ हा वाद्यवृंद चालवला, 1995 मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, आणि 2016 मध्ये ते गेले. 2025 चं संगीताचं पुलित्झर मिळवणाऱ्या सुझी इबारा त्यांच्याकडे शिकलेल्या. इतकी वर्षं कालांदुयान यांनी कॅलिफोर्नियात शिकवलं म्हणून आज तिथल्या बहुतेक गटांची मुळं त्यांच्यापर्यंत जातात. मारानाव शिकवणारं माणूस मिळतं, पण शोधावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये पोत्री रांका मानिस यांचा ‘किंदिंग सिंदाव’ हा त्यातला ठळक पत्ता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. वर्गात शेजारी बसलेले फिलिपिनो-अमेरिकन बहुतेक लुझोन किंवा विसायास, म्हणजे उत्तर किंवा मध्य फिलिपिन्समधले, कॅथलिक घरांतले असतात. त्यांच्या आजीच्या अंगणात कुलिंतांग वाजत नव्हतं. स्पेनच्या सत्तेला पूर्ण न नमलेल्या दक्षिणेचं संगीत त्यांनी परदेशात येऊन आपलं म्हणून उचललं. त्यामुळे एका अर्थी तेही बाहेरचेच विद्यार्थी. म्हणूनच शिकवणारा कोणाकडे शिकला, हे मोकळेपणाने विचारा. चांगला शिक्षक गावासकट नाव सांगतो. ‘फिलिपिनो ट्रायबल म्युझिक’ एवढंच उत्तर आलं, तर तो वर्ग मी तरी सोडून देईन.

आता वाद्यांकडे. दोन्ही पद्धतींत माणसं पाचच, पण वाटणी वेगळी. मगिंदनाव संचात कुलिंतांग, दोन अगुंगांवर (मोठे, खर्जाचे टांगते गाँग) मिळून एक वादक, गांदिंगान नावाचे चार मोठे टांगते गाँग, तालाची कड धरणारं छोटं बाबांदिल आणि दाबाकान हा उभा पेल्यासारखा ढोल. मारानाव संचात गांदिंगान नाही. तिथे कोलिंतांग, बाबांदिर आणि दबाकानसोबत दोन अगोंग (ही त्याच वाद्यांची मारानाव नावं) असतात आणि त्यांना दोन स्वतंत्र वादक लागतात. कागदावर हा किरकोळ फरक दिसतो. माझा निर्णय मात्र यावरच झाला, त्याबद्दल पुढे लिहितो.

दाबाकानचं खोड नारळाचं किंवा फणसाचं, उंची दोन फुटांच्या वर, आणि ते बांबूच्या किंवा वेताच्या बारीक काठ्यांनी वाजतं. कातडं बकरीचं चालतं, पण जुन्या लोकांची पसंती घोरपडीच्या जातीच्या प्राण्याच्या कातड्याला. तुम्ही निमूटपणे बकरीचं घ्या. सीमाशुल्काच्या भानगडी वाचतात.

रचनांच्या बाबतीत मगिंदनावकडे दुयुग, सिनुलोग आणि तिदतू हे मुख्य प्रकार, शिवाय बिनालिग. त्यावर दोन पिढ्यांच्या ढंगांचा थर आहे: संथ, भारदस्त असा जुना कामामातुआन, आणि वेगवान, हात दाखवणारा नवा कांगुंगुदान. मारानावकडे कापागोनोर, काप्रोमायास आणि कातितिक पांदाय हे तीन मुख्य प्रकार. संख्या कमी म्हणून हे लवकर उरकेल असं समजू नका. मारानाव वादनात बसण्याची ढब, हाताची संथ उचल, चेहऱ्याचा ठेहराव हा वादनाचाच भाग मानतात. परंपरेने हे वाद्य बायकांचं, आणि तो डौल शिकवल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही. ज्यांना नेमकी, घडवलेली चाल आवडते, त्यांना मारानाव जास्त समाधान देईल. कांगुंगुदान ढंगात एखादी ओळ हवी तेवढी लांबवता येते आणि मागची मंडळी तुमच्या इशाऱ्याची वाट बघत तीच लय धरून ठेवतात. तबला-ढोलकीवर हात बसलेल्यांना ही मोकळीक पटकन आपलीशी वाटते, असा माझा अनुभव आहे.

आता माझा निर्णय ज्या अडचणीवर झाला तिच्याबद्दल. परदेशातला गट म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसांचा गट. त्यात निम्मे लोक रुग्णालयांत पाळीने काम करणारे. पाचही जण हजर असलेला सराव दुर्मिळ. मारानाव रचनेत दोन अगोंगांचे ठोके एकमेकांच्या मोकळ्या जागांत बसवलेले असतात. एकाचा ठोका जिथे थांबतो तिथे दुसऱ्याचा पडतो, आणि दोन्ही मिळून एकच सलग लय होते. एक जण आला नाही तर उरलेल्याने दोन्ही वाजवावेत असं सुचतं, आणि इथेच सगळं बिघडतं. अगोंग वाजवताना एका हातात रबर चढवलेला टोला असतो आणि दुसरा हात टेंगळाजवळ राहून नाद दाबत असतो. दोन अगोंग एकाकडे आले की दाबणारा हात एकालाच पुरतो. दुसऱ्याचा घुमारा पुढच्या ठोक्यावर चढतो, मोकळ्या जागा भरून जातात आणि गुंफलेल्या लयीचं सरळ धिम्-धिम् होतं. कोलिंतांगवाला नकळत त्या सरळ ठोक्यांना धरू लागतो, त्याची चाल सपाट होते, आणि पुढच्या वेळी दोघं हजर असले तरी ती सपाट सवय काढायला अर्धा सराव जातो. शिक्षक कितीही चांगला असो, यावर उपाय नाही. ती रचनाच दोन माणसांची आहे.

मगिंदनाव संचात असं होत नाही. दोन्ही अगुंग एकाच वादकाचे, म्हणून त्याचे ठोके पहिल्यापासून एका माणसाच्या दोन हातांना झेपतील असेच बसवलेले असतात. गांदिंगानवाला आला नाही तर रंग कमी होतो, पण सांगाडा उभा राहतो. बाबांदिल, दाबाकान आणि अगुंग असले की दुयुगचा सराव नीट होतो. दाबाकान किंवा बाबांदिल यांपैकी कोणीही लय सुरू करून देऊ शकतं, त्यामुळे आलेल्या माणसांत काम भागतं. मी वर्ग निवडताना हेच पाहिलं, आणि अजून तरी ती निवड बदलावी असं वाटलेलं नाही.

गांदिंगानची स्वतःची डोकेदुखी आहे, तीही सांगायला हवी. चार गाँग, प्रत्येकाचा व्यास साधारण 50 ते 64 सेंटिमीटर, आणि ते जोडी-जोडीने टेंगळं समोरासमोर येतील असे टांगायचे. चौकट हलकी असली की जोरात वाजवताना गाँग झुलतात आणि टेंगळावर टेंगूळ आपटतं. दोन टेंगळांमध्ये टोल्याचं डोकं मोकळं फिरेल एवढी जागा सोडा, आणि दोऱ्या चारही गाँगांना सारख्या उंचीवर बांधा. घडी होणारी कपड्यांची चौकट वापरून पाहण्याचा मोह टाळा. पण हे वाद्य संचात आलं की कळतं लोक याला बोलका गाँग का म्हणतात. मगिंदनाव बोलीचे चढउतार त्यावर वाजवून निरोप धाडले जात, आणि घरच्यांच्या देखत बोलता न येणारी तरुण मंडळी त्यावरच बोलत. मारानाव संचात ही गोष्ट मिळत नाही.

सुराबद्दल हार्मोनियमवर कान तयार झालेल्यांना थोडा त्रास होईल, तो दोन्हीकडे सारखाच. ठरलेला स्वरमेळ नाही. प्रत्येक संचाचे आठ स्वर वेगळे. एका संचावर बसवलेली रचना दुसऱ्यावर गेली की चढउतार तेच राहतात, अंतरं बदलतात. म्हणून सुरुवातीचे महिने शिक्षकाच्याच संचावर बसा. लेखनाचंही असंच. परंपरेत लिपी नाही. अमेरिकेतल्या वर्गांत गाँगांना 1 ते 8 आकडे देऊन लिहिण्याची पद्धत रुळली आहे आणि भातखंडे लिपीत वाढलेल्यांना ती सोपी जाते. आकडे पहिल्या ओळखीपुरते ठेवा. कागदावरची ओळ हीच खरी रचना असं मनात बसलं की बिनालिगमध्ये हात आखडतो.

संच विकत घेताना पद्धतीपेक्षा धातू जास्त महत्त्वाचा. गाँग मेणाच्या साच्यात ओतून करतात. मारानाव मुलखातलं तुगाया गाव अशा पितळकामासाठी नावाजलेलं. जुने कांस्याचे गाँग दुसऱ्या महायुद्धानंतर दुर्मिळ झाले, आता मोडीच्या पितळेचे जास्त दिसतात आणि त्यांचा नाद लवकर विरतो. वेगवान मगिंदनाव ढंगाला तो आखूड नाद खपून जातो, संथ मारानाव चालीत मात्र जागा रिकाम्या वाटतात. हाही पारड्यातला एक छोटा दगड आहे. कुलिंतांगचा एकेक गाँग साधारण 900 ग्रॅम ते 1.7 किलोचा, म्हणजे आठांचं ओझं एका माणसाला उचलता येतं. अगुंग प्रत्येकी 6 ते 7 किलोचा, आणि त्याचा खर्ज भिंतींतून शेजाऱ्यांकडे जातो. सदनिकेत राहत असाल तर अगुंग घरी आणू नका, टोल्याचा सराव जाड उशीवर करा.

संच मांडताना चौकटीवरच्या दोन समांतर दोऱ्या ताणून बांधा. दोरी सैल पडली की गाँग खाली बसून लाकडाला टेकतो आणि ‘खट्’ असा मेलेला आवाज येतो. शेजारचे दोन गाँग एकमेकांना चिकटले तर झिणझिण येते, बोटभर फट पुरे. काठ्या कठीण लाकडाच्या घेऊ नका. आवाज कर्कश होतो आणि टेंगळावर खड्डे पडतात.

एका कारणासाठी मात्र मी डोळे मिटून मारानावकडे पाठवीन. विद्यापीठांतल्या फिलिपिनो सांस्कृतिक रात्रींसाठी सिंगकिल नाचाची साथ करायची असेल, तर तो नाच मारानावांचा आहे आणि त्याची नाळ त्यांच्या ‘दारांगेन’ महाकाव्याशी आहे. 2008 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. मंचावर दिसणारं बांबूंचं भव्य रूप मनिलाच्या नृत्यपथकांनी घडवलेलं. त्यावर मगिंदनावची हाताशी असलेली लय चढवून देण्याची सवय सर्रास आहे, आणि मारानाव घरातून आलेल्या प्रेक्षकाला ती लगेच खटकते. एका कार्यक्रमापुरतं का होईना, त्यासाठी मारानाव शिक्षक गाठा.

आणि तुमच्याच घरात दोघं असतील, नवरा-बायको किंवा दोन भावंडं, रोज एकत्र बसू शकणारी, तर वर लिहिलेली माझी अडचण तुम्हाला लागूच नाही. दोन अगोंगांची जागा तुम्हीच भरून काढता. तेव्हा कापागोनोरपासून सुरुवात करा.