जुन्या पल्सरचे शॉकअप : दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी बजाज पल्सर १५० ही २००८ सालची गाडी आहे आणि एक लाख किलोमीटरचा टप्पा तिने केव्हाच मागे टाकला आहे. नाशिकच्या पंचवटीतून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून दोन-तीनदा पेठ तालुक्यातल्या गावी फेरी, एवढे काम ती आजही विनातक्रार करते. गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात मी तिचे पुढचे शॉकअप पूर्ण उघडून दुरुस्त केले आणि मागचे बदलले. त्यानंतर एक हिवाळा, एक उन्हाळा आणि निम्म्याहून अधिक पावसाळा उलटला असून गाडी सुमारे पावणेआठ हजार किलोमीटर चालली आहे. या काळात काय टिकले, काय चार महिन्यांत पुन्हा उघडावे लागले आणि कोणत्या वस्तूवर पैसे वाया गेले, ते सविस्तर लिहीत आहे.

शॉकअप एका दिवसात निकामी होत नाहीत, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला ते बिघडल्याचा पत्ताच लागत नाही. मी जवळजवळ दोन वर्षे सगळा दोष रस्त्यांना देत होतो, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी खोदकाम चाललेले असताना तसा दोष देणे सोपेही होते. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची तुलनेने नवी गाडी एकदा घरी आणावी लागली आणि ज्या गतिरोधकावर माझी गाडी रोज दोनदा आदळते, त्यावरून ती एकदाच वर-खाली होऊन शांत झाली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग एकेक लक्षण मोजू लागलो. पुढचा ब्रेक दाबला की तोंड खाली जाऊन शेवटी ठक् असा आवाज येई. उंचवट्यानंतर मागची बाजू दोन-तीन वेळा डुलत राही. पत्नी मागे बसलेली असताना सावळघाटाच्या वळणात गाडी कंबर हलवल्यासारखी झुले, आणि हँडल सरळ आले की मधोमध किंचित अडकल्यासारखे वाटे.

डाव्या शॉकअपमधून तेल गळणे हा त्यातला सर्वांत जुना रोग होता. त्याआधी एका गॅरेजमध्ये तीन वेळा ऑइल सील बदलून झाले होते आणि प्रत्येक सील काही महिन्यांतच पाझरू लागले होते. तिसऱ्या वेळी मी पाइप, म्हणजे शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकणारी क्रोम चढवलेली नळी, तपासण्याविषयी विचारले, तेव्हा "साहेब, सील गळतंय म्हणजे सीलच बदलायचं, बाकीचं कशाला उघडायचं?" असे उत्तर मिळाले. हेच उत्तर मला सर्वांत महाग पडले. सील म्हणजे पाइपला घट्ट बिलगून राहणारा रबराचा ओठ असतो. पाइपवरचे क्रोम आरशासारखे गुळगुळीत असेल तोवर तो तेल निपटून काढतो, पण क्रोमला गंजाचा बारीक खड्डा पडला की त्याची धार प्रत्येक हेलकाव्याला त्या ओठावर कानशीसारखी चालते. अशा पाइपवर कितीही चांगले सील बसवले तरी ते कापलेच जाणार. मात्र प्रत्येक खड्डा घातक नसतो. वरच्या आणि खालच्या टीच्या (दोन्ही पाइपांना वर हँडलजवळ जखडून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) मधल्या भागावर डाग असेल तर तेथवर सील कधी पोहोचतच नाही. सील जेवढ्या पट्ट्यात सरकते, तेवढाच पट्टा बोटाच्या नखाने वरून खाली चाचपून पाहावा. नख अडकले तर सील विकत घेण्याआधी पाइपचा विचार करावा.

या वेळी काम मीच एका ओळखीच्या मिस्त्रींच्या मदतीने रविवारी केले. माझी नोकरी गुणवत्ता तपासणीची असल्याने हातात व्हर्नियर असला की मला धीर येतो, हे आधीच कबूल करतो. पाइपचा वरचा नट खालच्या टीचे बोल्ट सैल करण्यापूर्वीच ढिला करून ठेवावा, कारण पाइप एकदा सुटा झाला की त्याला पकडायला काही राहत नाही. बॉटमच्या, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळकांड्याच्या, खालून येणारा ॲलन बोल्ट तर आतल्या रॉडसह नुसताच फिरत बसतो. म्हणून स्प्रिंग आत आणि वरचा नट घट्ट ठेवूनच तो सगळ्याच्या आधी सोडवला. डाव्या पायातले, म्हणजे डाव्या बाजूच्या शॉकअपमधले, तेल बाहेर आले ते राखाडी, चिकट आणि सडक्या माशासारख्या वासाचे होते. उजव्या पायातल्या तेलाच्या तुलनेत ते जेमतेम दोन तृतीयांश भरले. ज्या गाडीच्या दोन पायांत इतक्या फरकाचे तेल आहे, ती वळणात झुलते याचे आश्चर्य वाटायला नको. पाइप वाकला आहे का ते मोजण्यासाठी कारखान्यातल्या व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावला. दोन्ही पाइप चालण्याइतके सरळ निघाले, पण डाव्यावर सीलच्या पट्ट्यात मोहरीएवढे दोन खड्डे होते.

इथे मी चूक केली. सातपूर-अंबडकडे पाइपवर नव्याने जाड क्रोम चढवून (हार्ड क्रोम) देणारे आहेत, नवा पाइपही मिळतो, तरीही पैसे वाचवण्यासाठी मी ते खड्डे साफ करून त्यांत अराल्डाइट हा कडक होणारा गोंद भरला, तो सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून सपाट केला आणि त्यावर नवे सील चढवले. सील चढवताना पाइपच्या तोंडावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, म्हणजे रबराच्या ओठाला कड लागत नाही, आणि योग्य मापाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ते सरळ ठोकून बसवले. कामात काही उणे नव्हते. भराव मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस सुटला. एका सकाळी पाइपवर धूळ मिसळलेल्या तेलाची काळी कडी दिसली आणि पावसाची वाट न पाहता मी डावा पाइप नवा घेतला. तेव्हापासून तो पाय कोरडा आहे.

तेलाच्या जाडीविषयीही थोडे लिहायला हवे, कारण "जाड तेल टाका, गाडी बसणार नाही" हा सल्ला सर्रास दिला जातो. तेल धक्का थोपवत नाही. वजन स्प्रिंग पेलते आणि तेल स्प्रिंगच्या हालचालीला लगाम घालते. अशा साध्या टेलिस्कोपिक शॉकअपमध्ये तेल ठरावीक आकाराच्या छिद्रांतून ढकलले जाते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे संथ उंचवट्यावर जाड तेल छान वाटते, पण रस्त्यावर आडव्या खोदलेल्या चरीची धारदार कड लागली की तेच तेल दगडासारखे वागते. मी प्रथम २०डब्ल्यू (आकडा मोठा तितके तेल जाड) तेल टाकले आणि पंधरा दिवसांत मनगटे दुखू लागली. मग १०डब्ल्यू आणि २०डब्ल्यू निम्मे-निम्मे मिसळले, आणि ते आजतागायत आहे. दोन्ही डबे एकाच कंपनीचे घेतले, कारण डब्यावरचा डब्ल्यूचा आकडा कंपनीगणिक वेगळ्या जाडीचा असू शकतो. खरी तुलना चाळीस अंश तापमानाला दिलेल्या सेंटिस्टोकच्या, म्हणजे जाडी मोजण्याच्या एककातल्या, आकड्यावरूनच करावी. थंडीत या मिश्रणाने थोडा त्रास दिला. पहाटेच्या पाळीला निघताना पहिले दोन किलोमीटर तोंड ताठ राही. पण नाशिकच्या थंडीत आमचीही मान तशीच असते, म्हणून तक्रार करत नाही.

स्प्रिंग मी नव्या घेतल्या. जुन्या आणि नव्या शेजारी उभ्या केल्या तर जुनी सात मिलिमीटर आखूड भरली. डोळ्यांना हा फरक किरकोळ दिसतो, पण पाइपला केबल टाय बांधून, आधी गाडी मोकळी आणि नंतर मी बसून, अशी दोन्ही मापे पत्नीकडून टेपने घेतली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. नुसते बसल्यावर पुढची बाजू एकूण चालीच्या (शॉकअप जास्तीत जास्त जितका दबतो त्या अंतराच्या) जवळजवळ निम्मी खाली जात होती, म्हणजे खड्ड्यासाठी फार थोडी चाल उरत होती. नव्या स्प्रिंगवर हेच माप तिसऱ्या हिश्शाच्या आत आले. माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीत पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक याच स्प्रिंगच्या जोडीने पडला.

मागच्या शॉकअपची हकीकत मात्र शहाणपणाची नाही. या गाडीला मागे कंपनीचे गॅसभरले नायट्रॉक्स शॉकअप असतात. आतल्या नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि खराब रस्त्यावर बराच वेळ चालल्यावरही लगाम टिकतो. माझ्या जोडीतला गॅस केव्हाच गेला होता. दुकानदाराने "यापेक्षा भारी" म्हणून चकचकीत लाल स्प्रिंगची एक जोडी गळ्यात मारली आणि तिची लांबी न मोजता मी ती घेतली. बसवल्यावर गाडी मधल्या स्टँडवर चढवली तर मागचे चाक जमिनीला टेकलेलेच. जोडी मूळ मापापेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब होती. शेपूट उचलल्याने हँडल हलके आणि बिचकणारे झाले, आणि स्प्रिंग इतकी कडक होती की गावाहून तांदळाची गोणी बांधून आणली तेव्हाच गाडी जरा माणसात आली. पत्नीने तिसऱ्या आठवड्यात मागे बसायला साफ नकार दिला. दुकानदाराने वापरलेला माल परत घेतला नाही, तेव्हा मूळ मापाची कंपनीची जोडी वेगळे पैसे मोजून आणली. लाल जोडी माळ्यावर पडून आहे.

कंपनीच्या जोडीवर खाली पाच खाचांची कडी असते. ती फिरवली की शॉकअप "कडक" होतो असे आपण सगळेच म्हणतो, पण त्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, त्यामुळे वजन बसल्यावर गाडी कमी खाली जाते आणि उंची राखते. म्हणून एकटा असताना मी दुसऱ्या खाचेवर आणि पत्नी किंवा गोणी असेल तेव्हा चौथ्या खाचेवर चालवतो. कडी फिरवण्याचा चपटा पाना डिकीत ठेवला आहे आणि या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. नाशिककरांसाठी एक गंमत अशी की, आपल्या अंबड वसाहतीतच गॅब्रिएलचा दुचाकींचे शॉकअप बनवणारा कारखाना आहे, आणि आपण मात्र चकचकीत लाल रंगाला भुलतो.

हँडल मधोमध अडकण्याचे कारण कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो गोळ्यांचा बेअरिंग-संच, होते. वाटीत गोळ्यांनी नेमक्या सरळ जागी खळगे पाडले होते. तो बदलला, स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुशही बदलले आणि सावळघाटातली झुलण्याची तक्रार संपली. शॉकअपचे काम करताना पुढचे चाक आणि टी सुटलेलीच असते, त्यामुळे कोनसेटची मजुरी वेगळी पडत नाही. तो तेव्हाच पाहून घ्यावा.

पावसाळ्यात पेठकडचा लाल चिखल पाइपवर वाळून पापुद्र्यासारखा चिकटतो आणि तोच सीलच्या ओठाखाली जातो. यावर उपाय म्हणून जूनमध्ये मी पाइपवर रबरी घड्यांचे बूट चढवले होते, पण महिन्याभराने उचलून पाहिले तर आत पाणी साचून पाइपवर गंजाची पुसट छटा आली होती. बूट काढून टाकले. आता गावाहून आलो की ओल्या फडक्याने पाइप पुसतो आणि हलका तेलाचा हात फिरवतो. पुढच्या शॉकअपचे सगळे साहित्य, नंतर घेतलेला डावा पाइप, कोनसेट, बुश आणि मागची कंपनीची जोडी मिळून मला मजुरीसह साडेसात हजारांच्या आसपास खर्च आला. लाल जोडीचे अठराशे त्यात धरलेले नाहीत.

उजवा पाइप अजून जुनाच आहे. त्यावर सीलच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी एक बारीक डाग आहे, जिथे सील फक्त मोठ्या खड्ड्यातच पोहोचते. मी त्या डागाच्या खाली मार्करने एक रेघ ओढून ठेवली आहे आणि दर रविवारी गाडी पुसताना डाग त्या रेघेपलीकडे सरकला आहे का, ते पाहतो. आजवर सरकलेला नाही.