छोटं केअर होम: आत्याला ठेवल्यावर आलेला अनुभव

आत्याला डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाण्याचा आजार) आहे, त्यात खुब्याचं हाड मोडल्यापासून चालणं जवळजवळ बंद, आणि घरी चोवीस तास टिकणारं माणूस मिळेना म्हणून शेवटी केअर होम बघितलं. आता ती जेमतेम दहा जण राहतात अशा एका छोट्या ठिकाणी आहे, साध्या घरातच चालवतात. बाहेरून बघाल तर काहीच विशेष नाही.

पण माणसं तीच राहतात, आणि माझ्या मते सगळं त्यावरच आहे. आंघोळ घालणाऱ्या ताई पहिल्यापासून त्याच आहेत, त्यांना माहितीय की हिचे आधी पाय धुवायचे मग अंगावर पाणी घ्यायचं, डोक्यावर एकदम ओतलं की ती घाबरून हात झटकते. आधी एक मोठं ठिकाण बघितलं होतं, लॉबी एकदम चकाचक, पण दर शिफ्टला वेगळी माणसं आणि समोरच्या आजींचं नाव विचारलं तर फाईल उघडून बघावं लागलं, तिथेच आमचं मन उडालं.

याचा खरा उपयोग मध्यंतरी कळला. आत्या अचानक गप्प झाली, जेवेना, दुपारभर नुसती पेंगत होती, आणि ताईंचा लगेच फोन आला की आज ह्या रोजच्यासारख्या नाहीयेत. लघवी तपासली तर इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसांना ताप नाही जळजळ नाही, कधी कधी नुसता गोंधळ वाढतो किंवा सुस्ती येते, आणि नवख्याला वाटतं आजारच वाढला असेल. रोज बघणाऱ्यालाच हा फरक कळतो हो!

बेडसोरचं, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचं, मात्र नीट विचारा. जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायला लागते, एअर मॅट्रेस आहे म्हणून ते टळत नाही, आणि जखम बहुतेक माकडहाडापाशी किंवा टाचांना सुरू होते, त्यामुळे भेटायला गेलात की पांघरूण सरकवून टाचा बघा. कूस बदलल्याचा चार्ट असतो तोही मागा. एका ठिकाणी (नाव घेत नाही) दुपारी गेलो तर संध्याकाळच्या सह्या आधीच करून ठेवलेल्या, लगेच उठून आलो.

रात्री कोण असतं असं विचारू नका, रात्री 2 वाजता जागं कोण असतं ते विचारा. बाथरूमला जायला म्हणून अंधारात एकटं उठायचं आणि पडायचं, हे फार होतं. शिवाय जड माणसाला उचलायला दोघं लागतात. इथे रात्री दोघं असतात, एक जण जागा. संध्याकाळी पेशंट चिडचिड करायला लागले की काय करता हेही विचाराच, कारण झोपेची गोळी देणं सोपं पडतं पण तिने पडायचा धोका वाढतो आणि पेंगत असताना भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. इथे तिला सरळ बसवून भरवतात आणि नंतर निदान अर्धा तास बसवूनच ठेवतात, मी स्वतः बघितलंय.

कमी काय आहे? करमणूक जवळजवळ नाहीच, टीव्ही सोडला तर दिवस तसाच जातो, आणि ज्यांचं डोकं तल्लख आहे त्यांना इथे फार कंटाळा येईल. फिजिओथेरपिस्ट आपला आपण आणावा लागतो. आणि एखाद्या ताई सुट्टीवर गेल्या की लगेच जाणवतं, बदली माणूस येतो पण त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागतं.

ॲग्रीमेंट शांतपणे वाचा. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असतानाच्या दिवसांचे पूर्ण पैसे घेणार का, डिपॉझिट किती दिवसांत परत, डायपर आणि औषधं धरून की वेगळी, हे आम्ही सगळं लिहून घेतलं, त्यांनी काही खळखळ केली नाही.

नर्स पूर्णवेळ नाही, फोनवर असते. पुढे नळीने जेवण द्यायची वेळ आली तर आमच्याकडे जमणार नाही असं त्यांनी पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं होतं, हे मला फार आवडलं. म्हणून तशी नर्सिंगची सोय असलेलं दुसरं ठिकाण आम्ही आत्तापासूनच शोधतोय, तोपर्यंत आत्या इथेच राहील.